जुन्या गाडीला नवं रूप द्यायचं की नवीच गाडी घ्यायची? लांब पल्ल्याच्या रेल्वेचा हिशोब सोप्या भाषेत

एखादी रेल्वे कंपनी जाहीर करते की आमच्या तीस वर्षं जुन्या गाड्या रिफर्बिश (म्हणजे दुरुस्त करून नव्यासारख्या) करून अजून दहा-बारा वर्षं चालवणार, आणि लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो रंगरंगोटी करून भंगार गळ्यात मारतायत, दुसरा म्हणतो धडधाकट गाडी मोडीत काढून एवढा पैसा ओतायची गरजच काय. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं, कारण प्रश्नच अर्धा विचारलेला असतो. जुनी की नवी एवढ्यावर उत्तर निघत नाही. कुठल्या मार्गावर, किती वर्षांसाठी, आणि ती वर्षं संपली की पुढे काय, हे तीन तुकडे जोडले की मग कुठे हिशोब सुरू होतो. मला हा विषय महत्त्वाचा वाटतो कारण यातला चुकीचा निर्णय दहा-पंधरा वर्षं निस्तरावा लागतो, ज्यांनी सही केली ते तोवर बदलून गेलेले असतात आणि प्रवासी मात्र तेच असतात.

आधी गाडी म्हणजे नक्की काय ते बघू. आपल्याला ती एक अखंड वस्तू वाटते, पण खरं तर वेगवेगळ्या आयुष्याच्या वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. सगळ्यात टिकाऊ असतो सांगाडा, म्हणजे डब्याचं स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं कवच, तो नीट सांभाळला तर ३५-४० वर्षं सहज जातो आणि कधीकधी त्याहून जास्त. त्याच्याखाली बोगी (आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो, पण कारखान्यात बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट), तिची चाकं, स्प्रिंगा, बेअरिंग ठराविक किलोमीटरनंतर काढून तपासतात, बदलतात, म्हणजे तो भाग तसा कायम नवा होत राहतो. मग मोटर, इंजिन, एसी, वायरिंग, कंट्रोलचं इलेक्ट्रॉनिक्स, यांचं वय साधारण १५-२० वर्षं. आणि शेवटी सीट, कार्पेट, दिवे, चार्जिंग पॉइंट, जे सात-आठ वर्षांत जुनाट दिसायला लागतात. गंमत अशी की आपण प्रवासी गाडी जुनी आहे की नवी हे ठरवतो ते या शेवटच्या थरावरून, आणि गाडीचं खरं भवितव्य ठरतं ते पहिल्या थरावर जो आपल्याला दिसतच नाही.

म्हणून रिफर्बिश हा शब्द ऐकला की पहिल्यांदा विचारायचं, किती खोल? सीटची कापडं बदलली, रंग दिला, वायफाय टाकलं, तर ती नुसती सफाई झाली, काही दिवसांचं काम. गाडीच्या निम्म्या आयुष्यात एकदा मोठं काम काढतात, डबा आतून पूर्ण रिकामा करायचा, गंज काढायचा, वायरिंग, एसी, टॉयलेट, दरवाजे नवे, हे खरं मिड-लाइफचं काम. आणि त्याहून खोल म्हणजे गाडीचं हृदयच बदलणं, नवं इंजिन किंवा नवी विद्युत यंत्रणा, नवे कॉम्प्युटर. या तिन्हींना जाहिरातीत एकच शब्द वापरतात आणि तिथेच लोकांची फसगत होते.

खोल कामाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ब्रिटनचं आहे. तिथली इंटरसिटी १२५ ही डिझेल गाडी ऑक्टोबर १९७६ मध्ये सेवेत आली, दोन्ही टोकांना एकेक पॉवर कार (म्हणजे इंजिनाचा डबा) आणि मध्ये मार्क ३ जातीचे डबे, ताशी १२५ मैल म्हणजे जवळजवळ २०० किलोमीटरचा वेग. मार्क ३ चा सांगाडा इतका भक्कम निघाला की २००५ नंतरच्या काळात पॉवर कारमधली जुनी पॅक्समन इंजिनं काढून जर्मन एमटीयू इंजिनं बसवली, आतलं सगळं बदललं, आणि गाडी पुन्हा तरुण झाली. चाळीस वर्षांनंतरही लोकांना ती नव्या गाडीपेक्षा आरामदायक वाटायची आणि त्यात नुसत्या जुन्या आठवणी नव्हत्या. इंजिन टोकाच्या पॉवर कारमध्ये असल्यामुळे प्रवाशांच्या पायाखाली मोटर घरघरत नाही, डबा शांत राहतो. लांब पल्ल्यासाठी हा गुण फार मोठा आहे, चार तास बसायचं असतं तिथे.

पण याच गाडीची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. स्कॉटलंडमधल्या शहरांना जोडायला याच गाड्या छोट्या करून, चार-पाच डब्यांच्या, रिफर्बिश करून वापरायचं ठरलं. मार्क ३ चे मूळ दरवाजे हाताने उघडायचे, खिडकीतून हात बाहेर काढून बाहेरची कडी फिरवायची, टॉयलेटचं सगळं सरळ रुळांवर पडायचं. म्हणजे आपोआप सरकणारे दरवाजे बसवायचे, टाकी बसवायची, अपंग प्रवाशांसाठी सोयी करायच्या, आणि त्याला मुदतही होती कारण ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२० पासून गाड्यांना सुगम्यतेचे नियम लागू होणार होते. कागदावर सोपं वाटलं. प्रत्यक्षात डबे उघडल्यावर कळलं की प्रत्येक डब्याची तब्येत वेगळी आहे, एकाला इथे गंज तर दुसऱ्याला तिथे, चाळीस वर्षांत वेगवेगळ्या वर्कशॉपनी वेगवेगळ्या दुरुस्त्या केलेल्या. जुनं घर घेऊन फक्त टाइल्स बदलू म्हणावं आणि भिंत फोडल्यावर आत ओल निघावी, अगदी तसं. पहिली गाडी ऑक्टोबर २०१८ मध्ये धावली खरी पण बाकीच्या गाड्यांना ठरल्यापेक्षा खूप उशीर झाला, आणि मधल्या काळात काही गाड्या रिफर्बिश न करताच चालवाव्या लागल्या.

इथून मला या सगळ्या विषयातला पहिला धडा दिसतो: सही करायच्या आधी डबे उघडून बघा. एक नाही, वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या मार्गांवर धावलेले पाच-सहा तरी. समुद्रकिनाऱ्याने धावलेला डबा आणि कोरड्या भागात धावलेला डबा कागदावर एकाच वर्षाचे असतात, आतून नसतात. दाराच्या उंबऱ्याखाली, टॉयलेटच्या खाली, खिडकीच्या रबराच्या मागे, जिथे जिथे पाणी साचतं तिथे गंज असतो, आणि तो बाहेरून रंगाखाली दिसत नाही. जुन्या डब्यांत कधी आवाज-उष्णता रोखायला ॲस्बेस्टॉस भरलेलं असतं, ते काढायला वेगळी सुरक्षित जागा, वेगळी माणसं लागतात, तो खर्च वेगळाच.

हे न बघितल्यावर काय होतं याचं ताजं उदाहरण अमेरिकेतलं. ॲमट्रॅक या तिथल्या प्रवासी रेल्वे कंपनीकडे १९८८ ते १९९० च्या सुमारास बांधलेले होरायझन नावाचे ॲल्युमिनियमचे डबे होते. मार्च २०२५ मध्ये तपासणीत त्यांच्या सांगाड्यात गंज सापडला आणि कंपनीने ७० च्या ७० डबे एकदम बाहेर काढले. नव्या गाड्यांची ऑर्डर आधीच दिलेली होती पण त्या अजून यायच्या होत्या, त्यामुळे वायव्य अमेरिकेतल्या कॅस्केड्स मार्गावर काही फेऱ्यांना बस लावाव्या लागल्या. जुन्या गाडीची ही खरी जोखीम आहे, ती हळूहळू बिघडते असं आपण धरून चालतो पण कधीकधी ती एका दिवसात सगळीच्या सगळी हातातून जाते.

उलट बाजूला कॅनडात टोरांटो ते व्हँकुव्हर धावणाऱ्या गाडीचे डबे १९५४-५५ चे आहेत, बड कंपनीचे, स्टेनलेस स्टीलचे, आणि अजून धावतायत. स्टेनलेस सहजासहजी गंजत नाही म्हणून एवढं आयुष्य. पण तिथेही २०२२ मध्ये सांगाड्याच्या ताकदीबद्दल शंका आली तेव्हा धक्का झेलायला प्रवाशांशिवायचे रिकामे डबे टोकाला जोडून गाडी चालवावी लागली. म्हणजे धातू चांगला असला तरी तपासणीला सुट्टी नाही.

आणि सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट सरळच सांगतो, यावर लोक बोलायला कचरतात. १२ ऑगस्ट २०२० ला स्कॉटलंडमध्ये कारमॉंटजवळ वर सांगितलेली रिफर्बिश केलेली इंटरसिटी १२५ जातीची गाडी मुसळधार पावसात रुळांवर वाहून आलेल्या दगड-मातीवर आदळून घसरली, तीन जण गेले, त्यात चालक आणि कंडक्टरही होते. घसरण्याचं कारण गाडी नव्हती, शेजारची पावसाचं पाणी वाहून न्यायची चर चुकीची बांधलेली होती. पण तपास यंत्रणेच्या २०२२ च्या अहवालात हेही लिहिलंय की आजच्या अपघात-सुरक्षेच्या मानकांप्रमाणे बांधलेली गाडी असती तर परिणाम कमी गंभीर असण्याचीच शक्यता जास्त होती. नव्या गाडीत टक्कर झाली की ठराविक भाग ठरवून चुरगळतात आणि माणसं बसलेली जागा शाबूत राहावी अशी रचना असते, डबे एकमेकांपासून सुटू नयेत अशी जोडणी असते. हे गुण सांगाड्यातच असतात. सीट बदलता येते, दरवाजा बदलता येतो, इंजिनही बदलता येतं, सांगाडा चुरगळतो कसा हे बदलता येत नाही. म्हणून रिफर्बिश गाडी नव्या गाडीएवढीच चांगली असं कोणी म्हणालं की मी तिथे थांबतो. रेल्वे प्रवास मुळातच सुरक्षित आहे हे खरं, पण हा फरक हिशोबात धरायलाच पाहिजे आणि तो उघडपणे सांगायला पाहिजे.

मग नवीच घ्यावी ना? इतकं सोपं असतं तर हा लेख लिहायची गरजच नव्हती.

नेदरलँड्स आणि बेल्जियमने ॲमस्टरडॅम-ब्रसेल्ससाठी ताशी २५० किलोमीटरच्या कोऱ्या गाड्या मागवल्या होत्या, इटलीच्या अन्साल्दोब्रेडाकडून, सेवेचं नाव फिरा. करार २००४ चा, ॲमस्टरडॅम-ब्रसेल्स सेवा सुरू झाली डिसेंबर २०१२ मध्ये, आणि जानेवारी २०१३ मध्ये, म्हणजे काही आठवड्यांतच, बर्फ पडल्यावर खालचे भाग निखळायला लागले म्हणून बंद. त्याच वर्षी दोन्ही देशांनी हात वर केले. मग प्रवाशांना कोणी नेलं? १९८० च्या दशकातल्या डच डब्यांनी, पुढे नवीन विद्युत इंजिन लावून, आणि ही तात्पुरती सोय पुढे दहा वर्षं चालली. (त्या फिरा गाड्यांचं नंतर काय झालं ते शेवटी सांगतो.) डेन्मार्कनेही २००० साली याच कंपनीला ८३ आयसी ४ गाड्यांची ऑर्डर दिली होती, त्या वर्षानुवर्षं उशिरा आल्या, आल्यावरही नीट चालल्या नाहीत, आणि बोजा उचलला तो आधीच्या आयसी ३ गाड्यांनी.

बरं, हे एका कंपनीचं दुखणं म्हणावं तर ब्रिटनकडे पुन्हा बघा. इंटरसिटी १२५ च्या जागी हिताचीच्या नव्या ८०० वर्गाच्या गाड्या २०१७ पासून आल्या. मे २०२१ मध्ये त्यांच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात, डबा जॅकने उचलायच्या जागी आणि बोगीचं डुलणं रोखणारा डँपर जिथे जोडलेला असतो तिथे, चिरा सापडल्या आणि एका सकाळी शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. चार वर्षांची गाडी! नियामकाच्या अहवालात दोन कारणं दिली. डँपरजवळची चीर धातूच्या थकव्याने, कारण प्रत्यक्षात बसणारा भार डिझाइन करताना धरला होता त्याहून जास्त निघाला, आणि उचलायच्या जागेवरची चीर वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूमुळे, तो ताणाखाली असताना हवा-पाण्याच्या संपर्कात चिरतो. पण इथे नव्या गाडीचा एक मोठा फायदाही दिसतो. या गाड्या बांधणाऱ्याच्याच भागीदारीतल्या कंपनीच्या मालकीच्या, देखभालही हिताचीकडे, करार साडेसत्तावीस वर्षांचा, रोज सकाळी गाडी दिली तर पैसे. म्हणजे चिरा दुरुस्त करायचा खर्च रेल्वेसेवा चालवणाऱ्यावर आला नाही. जुन्या गाडीत गंज निघाला तर सहसा तो मालकाचा, म्हणजे फिरून तुमच्या-माझ्या तिकिटाचा किंवा कराचा.

नव्या गाडीची अजून एक अडचण कोणाच्या डोक्यात येत नाही, ती म्हणजे जुना रूळ. कॅनडात व्हाया रेल या प्रवासी रेल्वे कंपनीने सीमेन्सच्या ३२ नव्या गाड्या घेतल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये रुळांची मालक असलेल्या सीएन या मालवाहू कंपनीने त्यांना रस्ता ओलांडायच्या फाटकांजवळ वेग कमी करायला लावला. का? दोन रुळांमधून एक बारीक वीजप्रवाह सोडलेला असतो, गाडी आली की तिची चाकं आणि आस (दोन चाकांना जोडणारा दांडा) दोन्ही रूळ जोडतात, त्यावरून यंत्रणेला कळतं की गाडी आली आणि फाटक पडतं. या नव्या गाडीला एक इंजिन आणि पाच डबे मिळून २४ आस, आणि सीएनला किमान ३२ हव्या होत्या, नाहीतर गाडी ओळखली जाईलच याची त्यांना खात्री वाटत नव्हती. व्हायाने या निर्बंधाला कोर्टात आव्हान दिलं, पण प्रवाशांना उशीर सोसावाच लागला. जुनी गाडी त्या रुळांवर वर्षानुवर्षं चाललेली असते, तिचं आणि मार्गाचं जमलेलं असतं. नव्या गाडीला ते सगळं पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं: प्लॅटफॉर्मला घासणार नाही ना, सिग्नलमध्ये गडबड करणार नाही ना, डेपोच्या शेडमध्ये मावेल ना.

आता पैशाकडे येऊ, आणि इथे जरा नीट लक्ष द्या कारण सगळ्यात जास्त चुकीचं इथेच बोललं जातं. समजा नवी गाडी १०० एकक पैशांत येते आणि ३५ वर्षं चालते. जुनी गाडी ३५ एककांत रिफर्बिश होते आणि १२ वर्षं चालते. हे आकडे मी समजायला सोपे म्हणून धरलेत. सरळ भागाकार केला तर नवी वर्षाला २.८६ आणि जुनी २.९२, म्हणजे जवळजवळ सारखंच, आणि बरेच जण इथेच थांबून म्हणतात, बघा, नवीच परवडते. पण १०० एकक आजच लागतात, ते कर्जाऊ आणावे लागतात. व्याज ६ टक्के धरलं तर नव्या गाडीचा वर्षाचा हप्ता ६.९० येतो आणि जुन्या गाडीचा ४.१७. फरक झाला पावणेतीनचा, आता जुनी चांगलीच स्वस्त. व्याज २ टक्के धरा, नवी ४.००, जुनी ३.३१, फरक एकदम पाऊणच्याही खाली. म्हणजे तीच गाडी, तोच मार्ग, आणि उत्तर फिरतं ते बँकेच्या दरावर. म्हणूनच व्याज स्वस्त असतं त्या काळात नव्या गाड्यांच्या ऑर्डरी सोप्या जातात.

पण हप्ता म्हणजे सगळा खर्च नाही. जुन्या गाडीला देखभाल जास्त लागते, वीज किंवा डिझेल जास्त लागतं, आणि सगळ्यात लपलेला खर्च म्हणजे ती डेपोत जास्त वेळ उभी राहते. रोज दहा गाड्या रस्त्यावर हव्या असतील तर नव्या अकरा घेऊन भागतं आणि जुन्या बारा-तेरा ठेवाव्या लागतात, त्या जास्तीच्या गाड्यांचाही हप्ता, त्यांनाही उभं करायला जागा. वरच्या उदाहरणात जुन्या गाडीवर हे सगळं मिळून वर्षाला दीड-दोन एकक जास्त धरलं तर २ टक्के व्याजाला नवी जिंकते आणि ६ टक्क्यांना अजूनही जुनी पुढे राहते. आणि बारा वर्षांनी जुनी संपली की पुन्हा बाजारात उभं राहायचंय, तेव्हा नवी गाडी आजच्या किमतीला मिळणार नाही, हे हिशोबाच्या तक्त्यात बऱ्याचदा नसतंच.

ऑर्डर किती मोठी आहे यावरही खूप अवलंबून असतं. नवं डिझाइन करायचा, चाचण्यांचा, परवानगीचा खर्च गाडी एक असो की शंभर, जवळजवळ तेवढाच. शंभर गाड्यांत तो विरघळतो, आठ गाड्यांत प्रत्येकीच्या डोक्यावर बसतो. म्हणून छोट्या कंपन्या जुन्यांपासून सुरुवात करतात आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. चेक प्रजासत्ताकातल्या रेजिओजेटने २०११ मध्ये ऑस्ट्रियन रेल्वेचे जुने डबे घेऊन सेवा सुरू केली. जर्मनीत फ्लिक्सट्रेनने जुने डबे आतून पूर्ण बदलून घेतले, आणि धंद्याचा जम बसल्यावर २०२५ मध्ये टाल्गो या स्पॅनिश कंपनीच्या नव्या गाड्यांची मोठी ऑर्डर जाहीर केली. ऑस्ट्रियाच्या नाइटजेट या रात्रीच्या रेल्वेसेवेनेही तेच केलं, २०१६ मध्ये जर्मन रेल्वेने झोपायच्या गाड्यांतून अंग काढल्यावर त्यांचे डबे घेतले, आणि सीमेन्सच्या नव्या गाड्या २०२३ च्या डिसेंबरमध्ये रुळांवर आणल्या. प्रवासी येतात की नाही हे आधी जुन्यावर कळलं, मग मोठा पैसा टाकला.

इलेक्ट्रॉनिक्सचं वेगळं सांगायला हवं कारण आजकाल गाडीचं वय तिथेच अडतं. १९९० च्या आसपासच्या गाड्यांत मोटरला वीज देणारी यंत्रणा ज्या अर्धवाहक भागांवर चालते ते भाग आता कोणी बनवत नाही. सांगाडा ठणठणीत आणि एका कार्डासाठी गाडी उभी. मग दुसरी गाडी फोडून तिचे भाग काढतात, आणि ते काही वर्षंच पुरतं. स्वीडनच्या एक्स २००० गाड्या १९९० पासून धावतायत, वळणावर कलतात, स्टेनलेस स्टीलचं अंग. स्वीडनचे मार्ग वळणांचे, त्यामुळे कलणारी गाडी सोडवत नव्हती, म्हणून २०१४ मध्ये सरकारी रेल्वे कंपनी एसजेने ठरवलं की सांगाडा ठेवायचा आणि आतली यंत्रणा, कॉम्प्युटर, सीट सगळं नवं. निर्णय मला योग्य वाटतो, पण जुन्या अंगात नवा मेंदू बसवणं सोपं नसतं, आणि काम वेळापत्रकाच्या बरंच मागे पडलं. जर्मनीने १९९१ च्या आयसीई १ गाड्या २००५ ते २००८ मध्ये आतून नव्या केल्या, आणि नंतर पुन्हा एकदा काम काढून मधले डबे बारावरून नऊवर आणले, म्हणजे गाडी हलकी झाली आणि उरलेले डबे सुट्या भागांना कामी आले.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रिफर्बिशने आपण खरं तर विकत काय घेतो? वेळ. आणि वेळ विकत घेताना तो कशासाठी हे माहीत असलं पाहिजे. समजा एखाद्या मार्गावर आठ वर्षांत विजेच्या तारा येणार आहेत. आज नवी डिझेल गाडी घेतली तर आठ वर्षांनी ती तारांखालून धूर सोडत पळणार, अजून सत्तावीस वर्षं. तिथे जुने डबे रिफर्बिश करणं फार चांगलं, कारण इंजिनाने ओढल्या जाणाऱ्या डब्याला पुढे काय जोडलंय याच्याशी देणंघेणं नसतं, आज डिझेल, उद्या विजेचं. पण तारा वेळेवर येतात का? ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न मार्गावर विद्युतीकरणाचे काही भाग २०१६ मध्ये पुढे ढकलले, आणि ज्या नव्या गाड्या फक्त विजेच्या यायच्या होत्या त्यांच्यातही डिझेल इंजिनं बसवावी लागली, जी तारांखालीही वजन म्हणून वाहावी लागतात. फ्रान्सने २०१८ मध्ये टीजीव्ही या अतिवेगवान गाड्यांच्या १०० नव्या टीजीव्ही एम मागवल्या, पहिल्या २०२३ च्या सुमारास हव्या होत्या, तारखा पुढे पुढे गेल्या, आणि तोवर आधीच्या टीजीव्हींचं आयुष्य वाढवायचं काम काढावं लागलं, त्याला तिथे टोपणनावच बोटॉक्स पडलं. म्हणजे नवी घ्यायचं ठरवलं तरी मधल्या काळासाठी जुनी धड ठेवावीच लागते, आणि ज्यांनी नवी येणार म्हणून जुन्यांची देखभाल आधीच सैल केली त्यांचे प्रवासी दोन्हीकडून अडकतात. मला यातली सगळ्यात वाईट चूक हीच वाटते.

प्रवाशाच्या बाजूने दोन गोष्टी. सीट नव्या बसवता येतात, खिडक्या हलवता येत नाहीत. मार्क ३ च्या खिडक्यांतलं अंतर प्रथम वर्गाच्या मोकळ्या सीटच्या मापाने ठेवलेलं, नंतर दाटीने सीट बसवल्या आणि कित्येकांच्या शेजारी खिडकीऐवजी भिंत आली. आणि दरवाजे. व्हीलचेअरवरच्या माणसाला, सामान घेऊन चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला डब्याच्या पायऱ्या, दाराची रुंदी, आतली वाट यांनी फरक पडतो, आणि यातलं बरंचसं जुन्या डब्यात कितीही पैसा ओतला तरी अर्धवटच जमतं. प्लॅटफॉर्मच्या पातळीला येणारं दार हे नव्या गाडीचं असं देणं आहे की ते पैशाच्या तक्त्यात नीट बसतही नाही, तरी मी त्याला खूप वजन देईन.

पर्यावरणाचं मी थोडक्यात सांगतो. जुना सांगाडा वापरला की नवं स्टील-ॲल्युमिनियम बनवायचं प्रदूषण वाचतं, पण गाडी आयुष्यभर जी ऊर्जा खाते ती सहसा त्याहून कितीतरी जास्त असते. म्हणून विजेची जुनी गाडी ठेवणं बहुतेक वेळा ठीक, डिझेलची जुनी गाडी तारांखाली चालवत राहणं नाही.

माझं मत विचाराल तर असं. सांगाडा उघडून तपासलाय, चांगला निघालाय, पुढच्या दहा-बारा वर्षांत मार्गावर मोठा बदल ठरलाय आणि त्यानंतरच्या गाडीची ऑर्डर कधी द्यायची तेही लिहून ठेवलंय, तर रिफर्बिश करा, बिनधास्त. मार्ग स्थिर आहे, प्रवासी वाढतायत, व्याज परवडतंय, तर नवी घ्या, पण दुसरीकडे चाललेलं डिझाइन घ्या, स्वतःसाठी खास काहीतरी बनवून घ्यायच्या मोहात पडू नका, आणि देखभालीची जबाबदारी बनवणाऱ्याच्या गळ्यात बांधा. लंडनहून समुद्राखालच्या बोगद्यातून पॅरिसला गाड्या नेणाऱ्या युरोस्टारने बघा, २०१० मध्ये १९९४ च्या गाड्या रिफर्बिश करायच्या आणि सोबत दहा नव्या घ्यायच्या असं ठरवलं होतं, २०१४ मध्ये अजून सात नव्या वाढवल्या आणि जुन्यांपैकी मोजक्याच आठ ठेवल्या. मधे विचार बदलला आणि तो उघडपणे बदलला, यात काही कमीपणा नाही.

आणि त्या फिरा गाड्या. त्या बनवणाऱ्याकडे परत गेल्या, काही वर्षं नुसत्या उभ्या राहिल्या. मग इटलीच्या त्रेनितालिया या रेल्वे कंपनीने त्या घेतल्या, दुरुस्त करून, बदल करून, ईटीआर ७०० नावाने, आणि २०१९ पासून त्या एड्रियाटिक समुद्राच्या कडेने प्रवासी नेतायत. ज्या गाड्या दोन देशांनी नव्या असताना नाकारल्या त्याच तिसऱ्या देशाने वापरलेल्या म्हणून घेतल्या.